विमा आहे, डॉक्टर नाही : कॅनडाच्या आरोग्यसेवेपुढील पेच

कॅनडाच्या रहिवाशांना डॉक्टरकडे किंवा रुग्णालयात गेल्यावर खिशात हात घालावा लागत नाही, ही गोष्ट महाराष्ट्रातही आता बहुतेकांना ठाऊक आहे आणि ज्या घरातले मूल टोरांटो, कॅलगरी वा व्हँकुव्हरला स्थायिक झाले आहे, त्या घरात तर तिचे कौतुकच होते. त्याच घरांत अलीकडे एक तक्रारही ऐकू येते, ती अशी की विम्याचे कार्ड मिळाले, पण नाव नोंदवून घेणारा फॅमिली डॉक्टर काही मिळत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. २०२२ साली ‘अवरकेअर’ या नावाने झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार कॅनडातील सुमारे ६५ लाख प्रौढांना, म्हणजे दर पाचांतील एकाहून अधिक व्यक्तींना, नेहमी जाता येईल असा फॅमिली डॉक्टर किंवा परिचारिका-वैद्य, म्हणजे जादा शिक्षण घेऊन रोगनिदान व औषधोपचार करण्याचा अधिकार मिळवलेली परिचारिका, नव्हती. आजाऱ्याचा खर्च समाजाने उचलावा हे तत्त्व ज्या देशाने कायद्यात उतरवले, त्याच देशात उपचार करणारा माणूस दुर्मीळ का झाला, हे समजून घ्यायचे तर या व्यवस्थेत डॉक्टरचे स्थान नेमके कसे ठरले, तिथपर्यंत मागे जावे लागते.

ते ठरले सस्कॅचवन या गव्हाच्या शेतीवर जगणाऱ्या प्रांतात. तेथील प्रीमियर, म्हणजे आपल्याकडच्या मुख्यमंत्र्यासारखे पद भूषविणारे टॉमी डग्लस यांनी १९४७ साली रुग्णालयातील उपचारांसाठी सार्वजनिक विमा सुरू केला आणि पुढे डॉक्टरांच्या तपासणीचा खर्चही सरकारने द्यावा असा कायदा आणला. १ जुलै १९६२ रोजी हा कायदा अमलात आला तेव्हा डग्लस केंद्रीय राजकारणात गेले होते आणि प्रीमियरपदी वुड्रो लॉइड होते. त्याच दिवशी प्रांतातील बहुतेक डॉक्टरांनी दवाखाने बंद केले. सरकार आपल्याला पगारी नोकर करील, कोणावर कसे उपचार करायचे हे कारकून ठरवतील, अशी त्यांना भीती होती. तेवीस दिवसांच्या या संपात ब्रिटनमधून डॉक्टर बोलावण्यात आले आणि अखेर २३ जुलैला सस्कटून शहरात समझोता झाला. त्यात डॉक्टरांनी सरकारी विमा मान्य केला आणि सरकारने डॉक्टरांचे स्वातंत्र्य मान्य केले, म्हणजे दवाखाना डॉक्टरच्या मालकीचा राहील, रुग्ण कोणते घ्यायचे हे तो ठरवील आणि प्रत्येक तपासणीमागे ठरलेले शुल्क सरकारकडून वसूल करील. १९६६ च्या केंद्रीय कायद्यानंतर हीच घडी देशभर पसरली आणि १९७२ पर्यंत सर्व प्रांतांनी ती स्वीकारली.

१९८४ च्या ‘कॅनडा हेल्थ अ‍ॅक्ट’ने या व्यवस्थेला आजचे रूप दिले. आरोग्य हा तेथे प्रांतांचा विषय असल्याने देशात एक नव्हे तर दहा प्रांत आणि तीन प्रदेश यांच्या मिळून तेरा योजना चालतात, आणि केंद्र सरकार त्यांना अनुदान देताना पाच अटी घालते : योजना सार्वजनिक संस्थेने चालवावी, वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक सर्व सेवा तिच्यात असाव्यात, प्रत्येक रहिवाशाला ती समान लागू असावी, एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात गेल्यावर संरक्षण तुटू नये आणि पैशाअभावी सेवा अडू नये. विम्यात मोडणाऱ्या सेवेसाठी रुग्णाकडून वरचे पैसे घेऊ देणाऱ्या प्रांताच्या अनुदानातून तेवढीच रक्कम कापली जाते. मात्र ‘आवश्यक सेवा’ या शब्दांत डॉक्टर आणि रुग्णालय एवढेच धरले गेले. दातांचे उपचार, चष्मा, रुग्णालयाबाहेर घ्यावयाची औषधे हे सारे बाहेरच राहिले, आणि दंतोपचारांची केंद्रीय योजना यायला २०२३ चा डिसेंबर, तर मधुमेहाची औषधे व गर्भनिरोधके यांपुरत्या औषध-विम्याचा कायदा व्हायला २०२४ चा ऑक्टोबर उजाडला.

आजच्या टंचाईचे मूळ मात्र १९६२ च्या समझोत्यातील दुसऱ्या कलमात शोधावे लागते. कॅनडाचा फॅमिली डॉक्टर सरकारी नोकर नाही, तो एक छोटा व्यावसायिक आहे आणि त्याचे एकमेव गिऱ्हाईक सरकार आहे. ओंटारिओमध्ये तपासणीगणिक शुल्काच्या पद्धतीत साध्या तपासणीमागे त्याला चाळीस डॉलरच्या आसपास रक्कम मिळते, आणि त्यातूनच जागेचे भाडे, स्वागतिकेचा पगार, संगणकाची आज्ञावली यांचा खर्च भागवावा लागतो, जो मिळकतीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या घरात जातो. सर्दी झालेल्या तरुणाला पाच मिनिटांत मोकळे केले तरी शुल्क तेच, आणि मधुमेह, गुडघेदुखी व नैराश्य घेऊन आलेल्या, आठ-दहा औषधे चालू असलेल्या ऐंशी वर्षांच्या बाईंपाशी अर्धा तास बसले तरी फरक थोडाच. साठच्या दशकातला रुग्ण बहुधा एक तक्रार घेऊन येत असे. आजचा रुग्ण दीर्घायुषी आहे आणि एकाच वेळी अनेक जुनाट आजार बाळगून आहे. शुल्काची पद्धत मात्र पहिल्याच रुग्णासाठी घडवलेली राहिली.

शिवाय फॅमिली डॉक्टर हा या व्यवस्थेचा दरवाजा आहे. तेथे हृदयविकारतज्ज्ञाकडे वा अस्थितज्ज्ञाकडे आपण होऊन जाता येत नाही, फॅमिली डॉक्टरने शिफारसपत्र पाठवावे लागते, तज्ज्ञाचा अहवाल त्याच्याचकडे परत येतो, रक्ततपासण्यांचे निकाल त्याच्याच खात्यात जमा होतात आणि त्यांचा पाठपुरावा ही कायद्याने त्याची जबाबदारी ठरते. त्यामुळे शेवटचा रुग्ण गेल्यावर त्याचा दुसरा दिवस सुरू होतो, ज्यात प्रयोगशाळांचे अहवाल वाचणे, विमा कंपन्यांचे अर्ज, अपंगत्वाच्या करसवलतीचे दाखले, औषधांच्या पूर्वमंजुरीची पत्रे आणि तज्ज्ञाने नाकारलेली शिफारस दुसरीकडे पाठवणे अशी कामे येतात. यातील बराच मजकूर अजूनही फॅक्स यंत्रावरून येतो-जातो, कारण एका रुग्णालयाची संगणकप्रणाली दुसऱ्या दवाखान्याच्या प्रणालीशी बोलत नाही. या कामाचे वेगळे शुल्क बहुतेक ठिकाणी नव्हते. छोट्या उद्योजकांच्या राष्ट्रीय महासंघाने २०२३ मध्ये केलेल्या अंदाजानुसार कॅनडातील डॉक्टरांचे वर्षाला १ कोटी ८५ लाख तास अनावश्यक कागदपत्रांत जातात आणि तेवढ्या वेळात साडेपाच कोटींहून अधिक तपासण्या होऊ शकल्या असत्या.

आजारपणाच्या दाखल्याचे उदाहरण घेतले तर हा अपव्यय नेमका दिसतो. दोन दिवस ताप आला म्हणून कामावर न गेलेल्या माणसाकडून मालक डॉक्टरचा दाखला मागतो, तोवर ताप उतरलेला असतो, तरी तो माणूस दवाखान्यात येऊन बसतो, इतरांना संसर्ग देतो किंवा घेतो, आणि डॉक्टर जे स्वतः पाहिलेले नाही ते त्याच्याच सांगण्यावरून लिहून देतो. कॅनडियन मेडिकल असोसिएशन या डॉक्टरांच्या राष्ट्रीय संघटनेने याविरुद्ध सातत्याने आवाज उठवला, आणि नोव्हा स्कोशियाने २०२३ मध्ये, तर ओंटारिओ व क्वेबेकने २०२४ मध्ये अल्पमुदतीच्या दाखल्यांवर कायद्याने निर्बंध आणले. सुधारणा लहान आहे, पण डॉक्टरच्या वेळेची किंमत ओळखणारी असल्याने महत्त्वाची आहे.

टंचाई डोळ्यांना दिसली ती जानेवारी २०२५ मध्ये, ओंटारिओतील वॉकरटन या छोट्या गावात. तेथे एक नवा डॉक्टर नोंदणी सुरू करणार आणि पहिल्या ५०० जणांनाच घेणार असे जाहीर झाले तेव्हा माजी सैनिकांच्या सभागृहाबाहेर बर्फात हजाराहून अधिक लोक रांगेत उभे राहिले. त्यांत लहान मुलांना घेऊन आलेले पालक होते आणि काठी टेकत आलेली वृद्ध माणसेही होती, आणि उरलेल्या शेकडो लोकांना तसेच घरी परतावे लागले. या गावाचे नाव सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासकांना आधीच परिचित आहे. मे २००० मध्ये तेथील नळाच्या पाण्यात ई. कोलाय हा घातक जिवाणू शिरून सात जण दगावले आणि दोन हजारांहून अधिक आजारी पडले. त्या दुर्घटनेनंतर ओंटारिओने पिण्याच्या पाण्याचे नियम मुळापासून बदलले. पाण्याच्या बाबतीत दाखवलेली ही तडफ डॉक्टरच्या बाबतीत दाखवायला मात्र फार उशीर झाला.

आता प्रांत जागे झाले आहेत. ब्रिटिश कोलंबियाने फेब्रुवारी २०२३ पासून फॅमिली डॉक्टरांना नवी वेतनपद्धती देऊ केली, ज्यात रुग्णासमोर घालवलेला वेळ, कागदपत्रांसाठी लागणारा वेळ, रुग्णांची संख्या आणि त्यांच्या आजारांची गुंतागुंत या सर्वांचा हिशेब होतो. ओंटारिओने माजी केंद्रीय आरोग्यमंत्री आणि स्वतः फॅमिली डॉक्टर असलेल्या जेन फिलपॉट यांच्याकडे काम सोपवून २०२९ पर्यंत प्रत्येक रहिवाशाला प्राथमिक सेवेशी जोडण्याचे उद्दिष्ट ठेवले. त्यांची मांडणी अशी की ज्याप्रमाणे वस्तीत राहायला आलेल्या मुलाला जवळच्या सरकारी शाळेत हक्काने प्रवेश मिळतो, त्याप्रमाणे प्रत्येक कुटुंबाला जवळच्या आरोग्य-चमूत जागा मिळावी. या चमूत डॉक्टरबरोबर परिचारिका-वैद्य, औषधतज्ज्ञ आणि समाजसेवक असतात. क्वेबेकने उलट वाट धरली. ऑक्टोबर २०२५ मध्ये तेथील सरकारने डॉक्टरांच्या मिळकतीचा काही भाग ठरलेली उद्दिष्टे गाठण्याशी बांधणारा कायदा चर्चा आवरती घेऊन मंजूर केला, त्यात विरोध करणाऱ्यांना जबर दंडाची तरतूद होती, आणि परिणाम असा झाला की अनेक डॉक्टरांनी शेजारच्या प्रांतांत परवान्यासाठी अर्ज केले. डिसेंबरपर्यंत सरकारला माघार घ्यावी लागली. या तीन प्रयोगांतून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे : जो डॉक्टर कामाच्या ओझ्याने आधीच वाकला आहे त्याला धाक दाखवून रुग्ण वाढत नाहीत, त्याच्या खांद्यावरचे ओझे वाटून घेतले तर वाढतात.

डॉक्टरांची संख्या वाढवण्याचे प्रयत्नही चालू आहेत. २०२५ मध्ये टोरांटोजवळच्या ब्रॅम्प्टन या दक्षिण आशियाई वस्ती मोठी असलेल्या शहरात नवे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. परंतु आज प्रवेश घेतलेला विद्यार्थी फॅमिली डॉक्टर व्हायला साधारण सहा वर्षे लागतात, आणि देशात दुसरीकडे परदेशांत शिकलेले असंख्य डॉक्टर वैद्यकीयेतर नोकऱ्या करत बसले आहेत. येथे महाराष्ट्राचा संबंध थेट येतो. पुण्या-मुंबईतून एम.बी.बी.एस. होऊन गेलेल्या डॉक्टरला कॅनडाच्या वैद्यकीय परिषदेची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते, आणि त्यानंतर निवासी प्रशिक्षणाच्या, म्हणजे रेसिडेन्सीच्या, परदेशी पदवीधरांसाठी राखलेल्या मोजक्या जागांसाठी झगडावे लागते. भारतात अनेक वर्षे स्वतंत्र व्यवसाय केलेल्यांसाठी काही प्रांतांत बारा आठवडे प्रत्यक्ष काम पाहून पारख करण्याची वाट आहे, तिच्यानंतर ग्रामीण भागात काही वर्षे सेवा द्यावी लागते, पण तिच्याही जागा थोड्या आहेत. रुग्णाच्या सुरक्षिततेसाठी पारख हवी यात शंका नाही, परंतु पारख करण्यासाठी पुरेशा जागाच न ठेवणे याला सुरक्षितता म्हणता येत नाही. भर म्हणजे परवाना प्रांतागणिक वेगळा असतो. अटलांटिक किनाऱ्यावरील चार प्रांतांनी मे २०२३ पासून सामाईक नोंदणी सुरू केली, बाकी देश अजून तिथवर पोहोचलेला नाही.

प्रतीक्षा लांबली की खासगी पैशाचा प्रश्न आपोआप पुढे येतो. बाजारवादी विचारांच्या फ्रेझर इन्स्टिट्यूटच्या पाहणीनुसार फॅमिली डॉक्टरच्या शिफारसीपासून तज्ज्ञाचा उपचार मिळेपर्यंतचा मध्यम कालावधी १९९३ मध्ये ९.३ आठवडे होता तो २०२४ मध्ये ३० आठवड्यांवर गेला. या पाहणीच्या पद्धतीवर आक्षेप आहेत, पण वाट पाहणे वाढले हे तिच्या टीकाकारांनाही मान्य आहे. व्हँकुव्हरच्या एका खासगी शस्त्रक्रिया केंद्राने रुग्णाला स्वतःच्या पैशाने लवकर उपचार घेण्याचा घटनात्मक हक्क आहे असा दावा केला होता, तो कनिष्ठ न्यायालयांनी फेटाळल्यावर सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सुनावणीस नकार दिला. तरीही २०२५ च्या अखेरीस अल्बर्टाने डॉक्टरांना सार्वजनिक आणि खासगी अशी दोन्ही कामे करू देणारा कायदा केला. तोच शल्यचिकित्सक सकाळी विम्याचे आणि दुपारी पैशाचे रुग्ण पाहू लागला म्हणून देशात शल्यचिकित्सक दोन होत नाहीत, रांगेतले क्रमांक तेवढे बदलतात.

डॉक्टरच्या टंचाईची झळ सार्वजनिक आरोग्यालाही लागते. गोवराचे उदाहरण याबाबत बोलके आहे. १९९८ मध्ये कॅनडातून गोवराचे उच्चाटन झाल्याचे मान्य झाले होते, म्हणजे बाहेरून आलेला रुग्ण आढळला तरी देशात संसर्गाची साखळी वर्षभर टिकत नव्हती. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेली साखळी मात्र तुटली नाही, २०२५ मध्ये पाच हजारांहून अधिक रुग्ण झाले, गरोदरपणी मातेला संसर्ग झाल्याने दोन अपुऱ्या दिवसांची बाळे दगावली, आणि १० नोव्हेंबर २०२५ रोजी देशाने उच्चाटनाचा दर्जा गमावला. गोवर इतका संसर्गजन्य आहे की त्याला रोखायला समाजातील ९५ टक्के लोकांची लस झालेली असावी लागते. लस नाकारणाऱ्या समूहांत साथ प्रथम भडकली हे खरेच, पण कोणत्या मुलाची लस राहिली आहे हे कोणालाच नीट माहीत नव्हते, हेही तितकेच खरे. ओंटारिओत फॅमिली डॉक्टरने मुलाला टोचलेल्या लसीची नोंद सार्वजनिक आरोग्य कार्यालयाकडे आपोआप जात नाही, पालकांनी ती कळवायची असते, आणि डॉक्टरच नसलेल्या कुटुंबाला राहिलेल्या मात्रेची आठवण करून देणारे कोणी नसते. लसीविषयी मनात किंतु असलेली आई दूरचित्रवाणीवरच्या आवाहनाने सहसा बदलत नाही, तिला पाच वर्षे ओळखणाऱ्या डॉक्टरशी दहा मिनिटे बोलल्याने बदलू शकते.

अफूजन्य औषधांच्या अतिमात्रेचे संकट याहून मोठे आहे. ब्रिटिश कोलंबियाने एप्रिल २०१६ मध्ये सार्वजनिक आरोग्याची आणीबाणी जाहीर केली, आणि तेव्हापासून देशभरात अशा विषबाधेने ५० हजारांहून अधिक माणसे गेली आहेत. नव्वदच्या दशकापासून वेदनाशामक म्हणून ही औषधे सढळ हाताने लिहिली गेली, नंतर हात आखडता घेतला गेला आणि सवय लागलेली माणसे काळ्या बाजारातल्या फेंटानिलकडे वळली, जे मॉर्फीनच्या शंभरपट तीव्र असते. २००३ मध्ये व्हँकुव्हरला उघडलेले ‘इनसाइट’ केंद्र, जेथे परिचारिकेच्या देखरेखीखाली व्यसनी माणूस अमली पदार्थ टोचून घेतो आणि श्वास थांबू लागल्यास त्याला वाचवले जाते, २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवले. आता वारा उलटा वाहतो आहे. ओंटारिओने शाळांजवळची अशी केंद्रे २०२५ मध्ये बंद करून उपचार-केंद्रांवर भर दिला. उपचार हवेतच, पण मेलेल्या माणसावर उपचार होत नाहीत, आणि म्हणून आधी जीव वाचवणाऱ्या केंद्रांना टाळे लावण्याचा निर्णय वैद्यकशास्त्राच्या कसोटीवर उतरत नाही.

आदिवासींच्या बाबतीत या व्यवस्थेचे अपयश सर्वांत जुने आहे. मॅनिटोबातील क्री समाजाचा जॉर्डन रिव्हर अँडरसन हा मुलगा गंभीर जन्मजात आजाराने रुग्णालयात होता, त्याला घरी नेता येईल असे डॉक्टरांनी सांगितल्यावर घरच्या शुश्रूषेचा खर्च केंद्राने द्यायचा की प्रांताने यावर दोन वर्षांहून अधिक काळ वाद चालला आणि २००५ मध्ये तो पाच वर्षांचा मुलगा रुग्णालयातच वारला. आधी मुलाला सेवा द्या, बिलाचा वाद नंतर मिटवा, हे तत्त्व संसदेने २००७ मध्ये त्याच्या नावाने स्वीकारले. सप्टेंबर २०२४ मध्ये कॅनडियन मेडिकल असोसिएशनने आदिवासींची जाहीर माफी मागितली आणि वेगळ्या ठेवलेल्या निकृष्ट रुग्णालयांपासून सक्तीच्या नसबंदीपर्यंतचे वैद्यक व्यवसायाचे दोष मान्य केले.

आणि मग इच्छामरण. २०१५ च्या न्यायनिर्णयानंतर जून २०१६ मध्ये वैद्यकीय साहाय्याने मरण कायदेशीर झाले, २०२१ मध्ये मृत्यू नजीक नसलेल्या पण असह्य आजाराने ग्रासलेल्यांनाही तो मार्ग खुला झाला, आणि केवळ मानसिक आजारासाठीची मुभा मार्च २०२७ पर्यंत पुढे ढकलली गेली. २०२४ मध्ये १६,४९९ जणांनी, म्हणजे एकूण मृतांपैकी ५.१ टक्क्यांनी, या मार्गाने देह ठेवला. त्यांतील ९५ टक्क्यांहून अधिकांचा मृत्यू तसाही जवळ आलेला होता, आणि त्यांची वेदना ओळखणारा कायदा निर्दय म्हणता येणार नाही. उरलेल्यांविषयी डॉक्टरांमध्येच तीव्र मतभेद आहेत. अशा रुग्णाच्या बाबतीत अर्जाच्या छाननीला किमान नव्वद दिवस द्यावे लागतात, पण वेदना-उपचार केंद्रात वा मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यासाठी त्याहून अधिक वाट पाहावी लागत असेल, तर त्या माणसाने केलेली निवड कितपत मोकळी, हा प्रश्न त्याच्यासमोर बसलेल्या डॉक्टरला टाळता येत नाही.

कॅनडाला निघालेल्या मराठी कुटुंबांसाठी यातून काही व्यवहाराच्या गोष्टी निघतात. ब्रिटिश कोलंबियात पोहोचल्याचा उरलेला महिना आणि पुढचे दोन महिने प्रांतिक विमा लागू होत नाही, ओंटारिओत विद्यापीठात शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांसाठी विमा वेगळा असतो, आणि दीर्घ मुक्कामाच्या सुपर व्हिसावर मुलांकडे जाणाऱ्या आई-वडिलांना किमान एक लाख कॅनडियन डॉलरचा खासगी विमा काढावाच लागतो. लसीकरणाचा, विशेषतः गोवराच्या दोन्ही मात्रांचा, लेखी दाखला आणि चालू औषधांची मूळ नावांसह यादी निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरकडून इंग्रजीत लिहून घ्यावी, आणि प्रांतिक विम्याला पात्र होताच, आजारी पडण्याची वाट न पाहता, फॅमिली डॉक्टरसाठीच्या प्रांतिक प्रतीक्षायादीत नाव नोंदवावे.